जगातले सर्वांत जुने गोल्फचे मैदान कोणते? हिशेबाची वही, सनद आणि गावाचे गायरान

पुळणवाट (धागाकर्ता)

नमस्कार. कामानिमित्त गेली काही वर्षे मी एडिनबरा परिसरात राहतो. मसलबरा हे किनाऱ्यावरचे छोटे गाव शहराच्या पूर्वेला सहासात मैलांवर आहे. तिथल्या घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आत नऊ होलचे (म्हणजे चेंडू घालायच्या नऊ खळ्यांचे) एक गोल्फचे मैदान आहे, आणि जगातले सर्वांत जुने चालू मैदान म्हणून गिनीजचे प्रमाणपत्र त्याच मैदानाकडे आहे. पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीतरी भव्य पाहायला मिळेल असे वाटले होते. प्रत्यक्षात दिसले ते शर्यतीचे पांढरे कठडे, त्यांच्या आतली वाऱ्याने आडवी झालेली गवताची सपाटी आणि शुल्क भरून कोणालाही खेळता येईल अशी साधी व्यवस्था. हवे असल्यास जुन्या पद्धतीच्या, हिकरी लाकडाच्या दांड्याच्या काठ्या भाड्याने मिळतात.

या दाव्याचा आधार आहे एका वकिलाची खर्चाची वही. रॅव्हेलस्टनचे सर जॉन फाऊल्स हे एडिनबऱ्याचे वकील होते आणि दररोजचा खर्च लिहून ठेवण्याची त्यांना सवय होती. २ मार्च १६७२ च्या नोंदीत त्यांनी लिहिले आहे की मसलबऱ्याला गॉसफर्ड, लायन वगैरे मंडळींबरोबर गोल्फ खेळताना ३ पौंड ५ शिलिंग हरलो. या नोंदीत खेळाचे वर्णन नाही, कोण कसे खेळले तेही नाही, आहे ती हरलेली रक्कम. तरीही साडेतीनशे वर्षांनी त्या गावाचा मान या एका ओळीवर उभा आहे.

हे मैदान एकाच रूपात टिकलेले नाही. सुरुवातीला तिथे सात होल होते, आठवे १८३२ साली आणि नववे १८७० साली वाढले. घोड्यांच्या शर्यती १८१६ पासून तिथे होऊ लागल्या, म्हणजे गोल्फनंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी. चौथ्या होलजवळ मिसेस फॉरमन यांची खानावळ होती आणि तिच्या भिंतीतल्या खिडकीतून खेळाडूंच्या हातात पेले दिले जात. १८७४ ते १८८९ या काळात 'ओपन' ही ब्रिटनमधली मानाची खुली गोल्फ स्पर्धा सहा वेळा इथे झाली.

माझा मुद्दा असा आहे की 'सर्वांत जुने मैदान' आणि 'सर्वांत जुना क्लब' हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत, आणि ते एकत्र केल्यामुळे बहुतेक लेखांत गोंधळ होतो. जुनी मैदाने क्लबांनी तयार केलेली नव्हती. ती गावाची सामाईक जमीन होती, आपल्याकडच्या गायरानासारखी. क्लब तिथे नंतर आले, काही काळ खेळले आणि बरेचसे निघूनही गेले. या दृष्टीने कोणाचे वाचन असेल तर जरूर लिहावे.

जुनी वही

धागा आवडला. मात्र मसलबऱ्याच्या प्रमाणपत्राबद्दल माझे मत वेगळे आहे.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सेंट अँड्र्यूज या गावाकडे याहून जुने दोन पुरावे आहेत. पहिला म्हणजे आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांची २५ जानेवारी १५५२ ची सनद. किनाऱ्यालगतच्या जमिनीवर ससे पाळण्याची परवानगी आर्चबिशपांना गावाकडून हवी होती. ती देताना गावकऱ्यांचे त्या जमिनीवरचे पूर्वापार हक्क लेखी मान्य करून घेतले गेले, आणि त्यांत गोल्फ, फुटबॉल व इतर खेळ खेळण्याचा हक्क नावानिशी आहे. सनद नवा हक्क देत नाही, चालत आलेला हक्क मान्य करते, म्हणजे खेळ त्याहून जुना. दुसरा पुरावा जेम्स मेलव्हिल यांच्या आठवणींत आहे. १५७४ च्या सुमारास ते तिथे विद्यार्थी होते, आणि शिकताना मिळालेल्या वस्तूंमध्ये धनुष्य व बाण यांच्याबरोबर गोल्फची काठी आणि चेंडू यांचाही उल्लेख त्यांनी केला आहे.

त्यामुळे एखाद्या जमिनीवर खेळ केव्हापासून चालू आहे एवढाच प्रश्न असेल, तर सेंट अँड्र्यूजचा पुरावा मसलबऱ्याहून १२० वर्षांनी जुना आहे आणि तिथला खेळ आजही त्याच जमिनीवर चालू आहे. मला तोच दावा बळकट वाटतो.

देश म्हणून विचार केला तर आणखी मागे जाता येते. दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात, ६ मार्च १४५७ रोजी स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली. कारण स्पष्ट होते. इंग्लंडशी वैर चालू होते, गावोगावच्या पुरुषांनी तिरंदाजीचा सराव करावा अशी अपेक्षा होती, आणि लोक खेळात वेळ घालवत होते. बंदी १४७१ आणि १४९१ साली पुन्हा काढावी लागली, यावरूनच ती किती पाळली गेली हे कळते. पुढे चौथ्या जेम्सने १५०२ मध्ये इंग्लंडशी तह केला, आणि त्याच वर्षीच्या राजाच्या खजिन्याच्या हिशेबात पर्थच्या एका धनुष्य बनवणाऱ्याकडून गोल्फच्या काठ्या १४ शिलिंगांना घेतल्याची नोंद आहे. ज्याच्या धंद्यासाठी बंदी होती, त्याच कारागिराकडून राजा काठ्या विकत घेतो! लाकूड वाकवणे, तासणे, ताण सहन करेल असे जोडणे हे कौशल्य दोन्ही कामांना सारखेच लागे.

मीठगर

माझे बालपण कोकण किनाऱ्यावर गेले असल्याने मला यातला जमिनीचा भाग फार जवळचा वाटतो. 'लिंक्स' म्हणजे काय, हे समजल्याशिवाय हा इतिहास नीट कळत नाही असे मला वाटते.

समुद्र आणि नांगरटीची जमीन यांच्या मधला वाळूचा उंचसखल पट्टा म्हणजे लिंक्स. आपल्याकडे पुळणीच्या मागे, माडांच्या आधी जशी वाळूची उंचवट्याची जागा असते, तिचा थंड प्रदेशातला प्रकार म्हणता येईल. या जमिनीत पीक येत नाही, म्हणून ती कोणी नांगरत नाही. वाळूमुळे पावसाचे पाणी साचत नाही, म्हणून ऐन हिवाळ्यातही तिथे चालता येते. खारा वारा आणि निकस माती यामुळे गवत बारीक, चिवट आणि आखूड राहते. उरलेले काम मेंढ्या आणि ससे करतात. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे दाटीने बसत, तिथली गवताची साल निघून वाळू उघडी पडे, आणि आजच्या बंकरचे, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या अडथळ्यांचे, मूळ त्या खड्ड्यांत आहे असे मानले जाते. गवत कापायचे यंत्र १८३० मध्ये आले. त्याआधी जवळजवळ चारशे वर्षे हा खेळ ज्या जमिनीवर चालला, ती जमीन जनावरांनी राखलेली होती.

त्यामुळे 'हे मैदान कोणी आखले' हा प्रश्न जुन्या लिंक्सच्या बाबतीत लागूच होत नाही. पायवाट जशी चालून पडते तशी ही मैदाने खेळून पडलेली आहेत.

पुळणवाट

जुनी वही, आपला युक्तिवाद मला मान्य आहे. प्रमाणपत्र मसलबऱ्याला मिळाले असले तरी १५५२ ची सनद बाजूला ठेवता येणार नाही.

मीठगर, गायरानाचा मुद्दा मी आणखी पुढे नेतो. सेंट अँड्र्यूजच्या जमिनीवर गावच्या बायका कपडे धुऊन वाळत घालत, आणि तो त्यांचा हक्क होता. एकोणिसाव्या शतकातल्या तिथल्या स्थानिक नियमांत यासाठी स्वतंत्र कलमच होते. चेंडू वाळत घातलेल्या कपड्यांवर पडला तर कपडे चेंडूखालून ओढून घ्यावेत, आणि धुण्याचे घंगाळ जवळ असेल तर ते बाजूला करावे. खेळ कपड्यांभोवती जुळवून घेत होता, कपड्यांना तिथून उठवले जात नव्हते.

ही जमीन एकदा हातची जाता जाता राहिली. १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात होती आणि जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात गेली. सशांनी जागोजागी बिळे केली, खेळणे अशक्य झाले आणि गावकरी ससे मारू लागले. प्रकरण न्यायालयात गेले आणि वर्षानुवर्षे चालले. शेवटी १८२१ साली स्ट्रॅथटायरमचे जमीनदार जेम्स चीप यांनी जमीन विकत घेतली आणि गोल्फ वाचला. पुढे १८९४ च्या कायद्याने ती गावाकडे परत आली. आज ती एका सार्वजनिक न्यासाच्या ताब्यात आहे, क्लबाच्या नाही. रविवारी तिथल्या ओल्ड कोर्सवर, म्हणजे या जुन्या मैदानावर, खेळ बंद असतो आणि गावातले लोक तिथे कुत्री घेऊन, मुले घेऊन फिरायला येतात. मी स्वतः एका रविवारी सतराव्या होलच्या रस्त्याकडून स्विल्कन ओढ्याच्या दगडी पुलापर्यंत चालत गेलो. ज्या हिरवळीसाठी जगभरचे खेळाडू वाट पाहतात तिच्या कडेने एक आजोबा नातवंडाला सायकल शिकवत होते. मला त्या जागेचा इतिहास तिथे समोर दिसला.

तांबडा मुरूम

मैदानांची चर्चा झाली, आता क्लबांकडे वळतो, कारण तिथे तीन वेगवेगळी वर्षे नेहमी एकमेकांसमोर ठेवली जातात.

लंडनचा रॉयल ब्लॅकहीथ क्लब १६०८ हे वर्ष सांगतो. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स १६०३ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला, त्याच्याबरोबर स्कॉटिश दरबारी लंडनला आले आणि ब्लॅकहीथच्या माळावर खेळू लागले, ही परंपरा. कागद मात्र १७६६ चा आहे, आणि तो आहे बक्षीस म्हणून दिलेल्या चांदीच्या काठीचा. एडिनबऱ्याचा रॉयल बर्जेस क्लब १७३५ सांगतो, पण त्यांच्या सभांची इतिवृत्ते १७७३ पासूनची आहेत. निर्विवाद लेखी पुरावा १७४४ चा आहे आणि तो एडिनबऱ्याचे बंदर असलेल्या लीथचा आहे.

त्या वर्षी एडिनबऱ्याच्या नगरपालिकेने गोल्फ खेळणाऱ्या मंडळींना स्पर्धेसाठी चांदीची काठी दिली. स्पर्धा बाहेरच्यांनाही खुली असल्यामुळे नियम लिहून काढणे भाग पडले, आणि त्यांनी १३ कलमे लिहिली. आज उपलब्ध असलेले गोल्फचे सर्वांत जुने लेखी नियम तेच. लीथला तेव्हा पाचच होल होते. २ एप्रिल १७४४ रोजी जॉन रॅट्रे नावाचे शल्यवैद्य स्पर्धा जिंकले आणि त्या मंडळींचे कप्तान झाले.

या रॅट्रेंची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुढच्याच वर्षी गादी गमावलेल्या स्टुअर्ट घराण्याच्या बाजूने बंड झाले आणि रॅट्रे बंडखोरांच्या सैन्यात वैद्य म्हणून गेले. १७४६ मध्ये कलोडनच्या लढाईत बंडाचा पराभव झाला आणि ते पकडले गेले. फाशी समोर दिसत असताना त्यांच्यासाठी शब्द टाकला तो डंकन फोर्ब्स यांनी. फोर्ब्स हे स्कॉटलंडचे सर्वोच्च न्यायाधीश होते, राजाच्या बाजूचे होते, आणि लीथच्या मैदानावरचे त्यांचे जुने सोबती होते. रॅट्रे सुटले आणि १७५१ साली चांदीची काठी त्यांनी पुन्हा जिंकली. आज लीथच्या बागेत त्यांचा पुतळा उभा आहे, पण तिथे आता गोल्फ खेळला जात नाही.

त्या १३ कलमांतले पहिलेच कलम पाहावे. आधीच्या होलपासून काठीच्या एका लांबीच्या आत चेंडू ठेवून पुढचा खेळ सुरू करावा, असे ते सांगते. म्हणजे ज्या जागेवर चेंडू हलकेच ढकलायचा, तिथूनच पुढचा जोरदार टोलाही मारायचा. त्या जमिनीची काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येते.

सह्यकडा

एक शंका आहे. नेदरलँड्समधल्या 'कोल्फ' खेळाचे आणि चीनमधल्या 'चुईवान' खेळाचे काय? चुईवानवर १२८२ सालचा ग्रंथ आहे असे वाचले होते. मग 'जगातले सर्वांत जुने' स्कॉटलंडमध्येच कसे?

जुनी वही

शंका रास्त आहे. चुईवानमध्ये जमिनीतल्या खळीत काठीने चेंडू घालायचा असे, आणि तो ग्रंथही आहे. डच लोकांचा कोल्फही जुना आहे, चित्रांतून दिसतो, रस्त्यांवर आणि गोठलेल्या कालव्यांवर खेळला जाई. काठीने चेंडू मारण्याचा खेळ अनेक ठिकाणी उगवला, आणि त्यांपैकी कोणताही कमी दर्जाचा नाही. आपला प्रश्न मात्र मैदानांचा आणि क्लबांचा आहे. ज्या जमिनीवर तो खेळ तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे, अशी जमीन चीन किंवा नेदरलँड्समध्ये दाखवता येत नाही.

जाता जाता एक नोंद द्यावीशी वाटते. एडिनबऱ्याचा वैद्यकीचा विद्यार्थी टॉमस किनकेड याने जानेवारी १६८७ मध्ये रोजनिशीत गोल्फ कसा खेळावा हे लिहून ठेवले आहे. बारीक तलवारीने खेळताना उभे राहतात तसे गुडघे किंचित वाकवून उभे राहावे, असे तो सांगतो. त्या काळच्या तरुणाला तलवारीचा पवित्रा ठाऊक होता, म्हणून त्याने नव्या कौशल्याला जुन्या कौशल्याच्या शब्दांत मांडले.

मीठगर

मग क्लबांनी ही गायराने सोडली का? आणि अठरा होलच का?

तांबडा मुरूम

अठराचे उत्तर छोटे आहे. सेंट अँड्र्यूजला किनाऱ्याने अकरा होल जायचे आणि तेच अकरा परतीचे, असे बावीस होते. १७६४ मध्ये पहिले चार फार आखूड वाटल्यामुळे त्यांचे दोन केले. जाताना दोन कमी झाले, येताना दोन कमी झाले, अठरा उरले. १७५४ साली २२ मंडळींनी स्थापन केलेल्या तिथल्या क्लबाला चौथ्या विल्यमने १८३४ मध्ये 'रॉयल अँड एन्शंट' हे नाव वापरू दिले, त्याचे वजन वाढले, आणि अठरा हीच रीत ठरली. प्रेस्टविकला १८६० साली पहिली ओपन झाली तेव्हासुद्धा तिथे बाराच होल होते. आठ व्यावसायिक खेळाडू तीन फेऱ्या खेळले आणि मसलबऱ्याचा विली पार्क १७४ टोल्यांत जिंकला.

गायराने सुटण्याचे कारण चेंडूत आहे. जुना चेंडू पिसांचा असे. उंच टोपी भरेल एवढी उकळलेली पिसे घ्यायची, ओल्या चामड्याच्या लहानशा पिशवीत बारीक फटीतून लोखंडी सळईने, छातीचा जोर लावून ठासायची आणि फट शिवायची. वाळताना चामडे आकसते, आतली पिसे फुगतात आणि चेंडू दगडासारखा कडक होतो. कसलेल्या कारागिराचेही दिवसाला तीनचारच चेंडू होत, आणि पावसात भिजला की शिवण सुटे. साहजिकच हा खेळ पैसेवाल्यांचा होता. १८४८ च्या सुमारास मलायातल्या झाडाच्या चिकापासून, गटापर्चापासून, चेंडू बनू लागले. गरम पाण्यात मऊ करायचे, साच्यात दाबायचे, झाले. चेंडू स्वस्त झाला, पाठोपाठ आगगाडी आली, आणि लिंक्सवर गर्दी मावेना.

या गर्दीचे एक टोक १८७० मध्ये मसलबऱ्याला दिसले. सेंट अँड्र्यूजचा नामवंत खेळाडू टॉम मॉरिस थोरला आणि विली पार्क यांच्या पैजेच्या सामन्यात गावकरी प्रेक्षक इतके आडवे आले की मॉरिस आणि पंच रॉबर्ट चेंबर्स मिसेस फॉरमन यांच्या खानावळीत जाऊन बसले, आणि पार्कने उरलेले होल एकट्याने खेळून विजय आपला असल्याचे सांगितले. लीथची ती जुनी मंडळी १८३६ मध्ये मसलबऱ्याला आलेली होतीच. १८९१ मध्ये त्यांनी म्यूरफील्डला स्वतःचे मैदान केले, आणि १८९२ ची ओपन मसलबऱ्याऐवजी तिकडे झाली. सर्वांत जुन्या लेखी नियमांचा क्लब आज अशा जमिनीवर आहे जिच्यावर त्याचा खेळ १८९१ च्या आधी नव्हता. स्त्रियांना सभासदत्व देण्याचा निर्णय तिथे २०१७ मध्ये झाला.

पुळणवाट

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून मसलबऱ्याची एक नोंद सांगतो, जी मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची वाटते. तिथल्या क्लबाच्या डिसेंबर १८१० च्या इतिवृत्तात ठराव आहे की गावातल्या मासेविक्या बायकांमध्ये जी उत्तम गोल्फ खेळेल तिला एक नवी मासळीची पाटी आणि शाल द्यावी, आणि त्याबरोबर बार्सिलोनाचे दोन रेशमी रुमाल. पाठीवर ओल्या मासळीचे ओझे घेऊन एडिनबऱ्यापर्यंत चालत जाणाऱ्या या बायका होत्या. बक्षीस म्हणून पाटी ठेवली यावरून ते त्यांना ओळखूनच ठरवलेले दिसते. म्यूरफील्डच्या ठरावापूर्वी २०० हून अधिक वर्षे, त्याच किनाऱ्यावर ही स्पर्धा ठरली होती. मोकळ्या जमिनीवर कोणाला अडवायचे हे क्लबाच्या हाती नव्हते.

सह्यकडा

आपल्याकडचा संबंध कोणी लिहिला नाही म्हणून भर घालतो. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब कलकत्त्याचा आहे. तो १८२९ साली दमदम इथे सुरू झाला आणि १९११ मध्ये त्याला 'रॉयल' ही पदवी मिळाली. तोफखान्याचे अधिकारी ह्यू लायन प्लेफेअर तेव्हा दमदमला होते. हेच प्लेफेअर निवृत्तीनंतर सेंट अँड्र्यूजचे नगराध्यक्ष झाले. युरोपच्या मुख्य भूमीवरचा पहिला क्लब फ्रान्समधल्या पो या गावचा, १८५६ चा, म्हणजे कलकत्त्यानंतर २७ वर्षांनी. मुंबईतही १८४२ मध्ये क्लब निघाला होता. तो टिकला नाही, पण त्याने १८४५ साली सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला दिलेले रौप्यपदक 'बाँबे मेडल' या नावाने तिथे राहिले.

मी नाशिकचा. आमच्याकडे आजही रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हटले की तो हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर आणून सोडतो. सकाळी तिथे फिरणाऱ्यांची गर्दी असते, क्रिकेट चालते, गोल्फ मात्र नाही. नाव तेवढे लोकांच्या तोंडी उरले आहे.

पुळणवाट

सह्यकडा, आपल्या नाशिकच्या मैदानाचे वर्णन वाचून ब्रंट्सफील्ड आठवले. एडिनबऱ्याच्या मध्यवस्तीतल्या त्या माळावर १७६१ चा क्लब खेळत असे. क्लब गेला, माळ शहराकडे राहिला. आज तिथे आखूड पल्ल्याचे ३६ होल आहेत, खेळायला पैसे पडत नाहीत, आणि उन्हाळ्याच्या लांबलेल्या संध्याकाळी विद्यार्थी एकदोन काठ्या आणि एक चेंडू घेऊन येतात. १७४४ च्या तेराव्या कलमात लीथच्या मैदानावरच्या 'विद्यार्थ्यांच्या होल'चा आणि 'सैनिकांच्या रांगां'चा उल्लेख आहे, त्यांना खेळातला अडथळा मानू नये असे ते कलम सांगते. म्हणजे सभ्य गृहस्थांच्या पाच होलच्या शेजारीच तेव्हाही मुलांचे वेगळे होल खणलेले होते.

येत्या शनिवारी मी पुन्हा मसलबऱ्याला जाणार आहे. फॉरमनच्या खानावळीची इमारत आणि चौथ्या होलची छायाचित्रे याच धाग्यावर टाकतो.